पालक, फेता आणि पाणी

मेलबर्नच्या आग्नेयेकडच्या एका उपनगरात ग्रीक ज्येष्ठांसाठी चालवलेल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मी बरीच वर्षं काम केलं. तिथले बहुतेक आजी-आजोबा १९५० आणि १९६०च्या दशकांत बोटीने ऑस्ट्रेलियात आलेले, कारखान्यांत आणि हॉटेलांत राबलेले. उतारवयात अनेकांचं इंग्रजी विरत गेलं होतं. लहानपणीची भाषा आणि लहानपणीची चव मात्र शाबूत होती. जेवणात तडजोड त्यांना चालत नसे, आणि चालू नये असंच माझंही मत आहे. आयुष्याच्या त्या टप्प्यावर माणसाच्या हातात फार थोडं उरतं. निदान ताटात ओळखीचं काही यावं.

दर गुरुवारी स्पानाकोपिता असे. पालक आणि फेता चीजचं सारण, खाली-वर फिलोचे कागदाहून पातळ पापुद्रे, आणि भट्टीत सोनेरी होईपर्यंत भाजलेला मोठा ट्रे. आमच्या मुख्य स्वयंपाकीणबाई एपिरसच्या, यानिनाजवळच्या एका डोंगरी गावातल्या. सगळे त्यांना ‘किरिया’ म्हणत, तसं मीही म्हणे. त्या मला ‘कोरी मू’ म्हणत, म्हणजे पोरी. त्यांनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते पालक पिळायला.

हे काम दिसतं तितकं किरकोळ नाही. किलोभर पालकात नऊशे ग्रॅमहून जास्त पाणीच असतं. ते आपण बाहेर काढलं नाही तर ते भट्टीत निघतं आणि तळाचे पापुद्रे लगदा होऊन बसतात. किरिया पालक उकडत नसत. निवडायचा, माती पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलून बदलून धुवायचा, बोटभर रुंद चिरायचा आणि परातीत मीठ भुरभुरून दोन्ही हातांनी चोळायचा. अर्धा तास तसाच ठेवायचा. मग सुती कापडात मूठ मूठ घेऊन पिळायचा. कापड हिरवं होतं, मनगटं भरून येतात. पिळलेला पालक थोडा वेळ बाजूला ठेवून त्या पुन्हा पिळायला लावत. पहिल्या पिळणीत अगदी कोरडा वाटलेला पालक दुसऱ्या पिळणीत पुन्हा वाटीभर पाणी सोडतो. तेव्हा कळतं की ही दुसरी पिळणी कशासाठी. उकडलेल्या पालकाचे गोळे होतात आणि चव मवाळ पडते. मिठात चोळलेला कच्चा पालक पापुद्र्यांच्या आत, स्वतःच्या उरलेल्या ओलाव्यात शिजतो आणि चावताना पान पान कळतं.

तरीही थोडं पाणी राहतंच. त्यासाठी तळाच्या पापुद्र्यांवर किरिया मूठभर त्राहाना पसरत. गव्हाचा भरडा आंबट दुधात शिजवून, उन्हात वाळवून केलेला हा जिन्नस. ग्रीक गावांमध्ये उन्हाळ्यात करतात आणि वर्षभर ठेवतात. सारण जे काही पाणी सोडेल ते तो पिऊन घेतो. त्राहाना संपलेला असला तर दोन-तीन चमचे रवा, नाहीतर मूठभर तांदूळ. मी घरी रवाच घालते. खाणाऱ्याला तो जाणवत नाही, पण तळ कडक राहतो.

सारणाचं प्रमाण किरियांच्या हातात होतं, वहीत नव्हतं. मी बघून बघून ते मापात बसवलं : एक किलो पालकाला साडेतीनशे-चारशे ग्रॅम फेता, पाच-सहा कांद्यांची पात पांढऱ्या भागासकट, एक चांगली जुडी शेपू, थोडी पार्स्ली, दोन अंडी, ताजी मिरपूड, आणि हवं तर किंचित जायफळ. मीठ वेगळं घालायचं नाही. फेता मिठाच्या पाण्यात मुरलेलं असतं आणि पालकालाही चोळताना मीठ लागलेलंच असतं.

शेपू हा माझ्या मनातला खास विषय. मी सांगलीची. आमच्या घरी शेपूची भाजी मुगाच्या डाळीत, लसणाच्या फोडणीची, आणि ती मला लहानपणापासून आवडते. अर्धं घर नाक मुरडायचं, मी आईबरोबर बसून खायचे. मेलबर्नच्या त्या स्वयंपाकघरात शेपू चिरायला बसले तेव्हा तो वास मला शिकवावा लागला नाही. पण सगळ्याच ग्रीकांना तो हवा असतो असं नाही. जेवणघरात याच्यावर वाद होत आणि ते खरोखर तावातावाने होत. लेस्व्होस बेटावरच्या एक आजी शेपूशिवाय ताटाला हात लावत नसत. क्रेतेच्या एका आजोबांना त्याऐवजी बडीशेपेचा कोवळा पाला हवा असे, कारण त्यांच्या बेटावर तो डोंगरउतारावर आपोआप उगवतो. उत्तरेकडच्या, फ्लोरिनाच्या मंडळींचं म्हणणं पालकच कशाला, हिवाळ्यात लीकचीच करायची असते, प्रासोपिता. किरिया सगळ्यांचं ऐकून घेत आणि शेपू घालतच. माझाही कौल शेपूलाच आहे. फेताचा खारटपणा आणि पालकाचा मातकटपणा यांच्यामध्ये काहीतरी हिरवंगार, तरतरीत लागतं. ते काम पार्स्ली एकटीने करू शकत नाही.

आजी-आजोबांशी बोलता बोलता लक्षात आलं की पालक हा या पदार्थात पुष्कळ उशिरा स्थिरावलेला पाहुणा असावा. त्यांच्या आठवणींत होती ती होर्तोपिता, म्हणजे रानभाज्यांची. शेताच्या बांधावर, माळावर, जे कोवळं मिळेल ते : हाताला चटका देणारी पानं, चुक्याच्या कुळातली आंबट पानं, रानकांद्याची पात. त्यांनी नावं सांगितली की मी फोनवर चित्रं काढून बघायची. व्लीता म्हणजे आपला माठ निघाला. ते तो उन्हाळ्यात उकडून, ऑलिव्ह तेल आणि लिंबू पिळून खातात. ग्लिस्त्रिदा म्हणजे आपली घोळाची भाजी. ती ते कच्चीच, दह्यात किंवा टोमॅटोच्या कोशिंबिरीत घालतात. त्या दिवसानंतर बाजारातल्या माठाच्या जुडीकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले.

या रानभाज्यांमागे फार मोठं दुःखही होतं. दुसऱ्या महायुद्धात ग्रीस परकीय फौजांच्या ताब्यात गेला आणि १९४१-४२च्या हिवाळ्यात भयंकर उपासमार झाली. अथेन्समध्ये माणसं रस्त्यावर कोसळून मेली. ज्यांना माळरानावर जाऊन पाला खुडता आला, त्यांचा त्याच्यावर निभाव लागला. त्यानंतर १९४६ ते १९४९ यादवी युद्ध, डोंगरातली गावंच्या गावं रिकामी. तिथून निघालेली पोरं पुढे बोटीत चढली. आमच्याकडच्या एक आजी सांगत, आई आम्हाला पहाटे चाकू आणि झोळी देऊन पाठवायची आणि झोळी भरल्याशिवाय परत यायचं नाही असं बजावायची. पीठ थोडं आणि पाला पुष्कळ असला की दोन पातळ पापुद्र्यांत घराचं जेवण उभं राहतं. म्हणून हा पदार्थ चैनीचा मानला की मला वाईट वाटतं. तो मूठभर पिठात घर जगवणाऱ्या बायकांचा आहे.

उपासालाही तो चालतो, फक्त चीज आणि अंडी वगळून. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत बुधवार आणि शुक्रवार उपासाचे, आणि ईस्टरच्या आधीचे सात आठवडे तर मोठ्या उपासाचे. त्या काळात मांस, दूध-दुभतं, अंडी बंद. आपल्या उपासाला दूध-दही चालतं आणि पालेभाजी बहुतेक घरांत चालत नाही. त्यांचं बरोबर उलट. त्या आठवड्यांत आमचा वार तोच राही, पण ट्रेमध्ये पालक, कांदा, तांदूळ, शेपू आणि ऑलिव्ह तेल एवढंच. ती बिनचीजची स्पानाकोपिता मला पहिल्यांदा फिकी वाटली होती. आता मी ती मुद्दाम करते, कारण तिच्यात पालकाची चव लपायला जागा नसते.

पापुद्र्यांविषयी थोडं सविस्तर सांगते. वृद्धाश्रमात एवढ्या माणसांसाठी आम्ही तयार फिलो वापरत असू, पण ईस्टरच्या किंवा नाताळच्या आधी किरिया घरचं फिलो लाटत. पाचशे ग्रॅम मैदा, चमचाभर मीठ, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि लागेल तसं कोमट पाणी, अडीचशे मिलीपेक्षा थोडं जास्त. पीठ दहा मिनिटं चांगलं मळायचं आणि निदान तासभर झाकून ठेवायचं. हा तास वाचवता येत नाही. न मुरलेलं पीठ लाटताना मागे मागे आखडत राहतं. लाटण्याला म्हणतात प्लास्तिस. ते मध्ये फुगीर नसतं. सरळ, अंगठ्याएवढं जाड आणि चांगलं लांब असतं. पोळी जरा मोठी झाली की तिच्यावर कॉर्नफ्लॉर भुरभुरून ती लाटण्यालाच गुंडाळायची, दोन्ही तळवे मधून कडांकडे सरकवत लाटणं पुढे-मागे फिरवायचं, उलगडायची, थोडी वळवायची आणि पुन्हा गुंडाळायची. टेबलावरचा लाकडाचा रंग पोळीतून दिसायला लागला की झाली.

त्यांची आणखी एक रीत होती. पाच-सहा लहान पोळ्या लाटायच्या, प्रत्येकीला वितळलेलं लोणी लावून एकावर एक रचायच्या, फ्रीजमध्ये आवळू द्यायच्या आणि मग सगळ्या मिळून एकच मोठी पोळी लाटायची. भट्टीत तिचे पदर सुटतात. चिरोट्याला साटा लावून पदर काढणाऱ्या कुणाही मराठी बाईला हे पहिल्या नजरेत कळेल. मला कळलं होतं, आणि किरियांना ते फार आवडलं होतं.

ही विद्या एकट्या ग्रीसची नाही. तुर्कस्तानात बोरेक आहे, बल्गेरियात बानित्सा आहे, सगळ्या बाल्कन प्रदेशात या पदार्थाची भावंडं आहेत. १९२३ साली लोझान इथे झालेल्या करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली. आधीच्या युद्धात पळून आलेले धरून सुमारे बारा लाख ख्रिस्ती लोक आशिया मायनरमधून ग्रीसमध्ये आले. सोबत त्यांचे मसाले आणि त्यांची पेस्ट्रीही आली. आमच्या काही आजींचे आईवडील स्मिर्नाहून आलेले होते. त्या फिलोला लोणी जास्त लावत. एपिरसच्या किरियांना ते बिघडल्यासारखं वाटत नसे. त्या म्हणत, ज्याच्या आईने जसं केलं तसं.

तयार फिलो वापरणाऱ्यांना इथे पुन्हा पाण्याशीच गाठ पडते, फक्त उलट्या बाजूने. पालकातलं पाणी नको असतं आणि फिलोतलं जाऊ द्यायचं नसतं. फ्रीझरमधून पाकीट आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवायचं आणि करायच्या तासभर आधी बाहेर काढायचं. घाईने उबेवर ठेवलं तर बाहेरचे पापुद्रे चिकटतात आणि आतले गोठलेलेच राहतात. उघडलं की वर आधी कोरडं कापड, त्यावर पिळून घेतलेलं ओलसर कापड. ओलं कापड थेट फिलोवर ठेवलं तर ते जागीच विरघळतं आणि उघडं ठेवलं तर काही मिनिटांत कडांना तडे जातात. एक पापुद्रा काढला की बाकीचे लगेच झाकायचे. फाटलेला टाकायचा नाही. मधल्या थरांत फाटके आणि वरच्या दोन थरांना धड, एवढं सांभाळलं की पुरतं.

प्रत्येक पापुद्र्याला ब्रशने हलकेच ऑलिव्ह तेल किंवा लोणी लावायचं. लोण्यात सुमारे सोळा टक्के पाणी असतं. म्हणून चांगल्या ग्रीक स्वयंपाकिणी ते वितळवून, वरचा फेस काढून, तळातलं पांढरं पाणी मागे ठेवून वापरतात. हे समजल्यावर मी घरी निःशंकपणे साजूक तूप वापरू लागले. त्यात पाणी नसतं, पापुद्रे काचेसारखे कडक होतात आणि त्याचा वास फेताशी भांडत नाही. किरियांना एकदा डब्यातून नेऊन दिलं, तर त्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि आपल्या गावातल्या मेंढीच्या लोण्याची आठवण काढली.

फेताविषयी माझं मत पक्कं आहे. २००२ सालापासून युरोपीय संघात फेता हे संरक्षित नाव आहे आणि २००५ साली तिथल्या न्यायालयाने ते कायम केलं. ग्रीसच्या ठरावीक प्रदेशांतलं, किमान ७० टक्के मेंढीचं आणि उरलेलं शेळीचं दूध, निदान दोन महिने मुरवलेलं, एवढं असेल तरच ते फेता. ऑस्ट्रेलियात गायीच्या दुधाचं चीजही फेता म्हणूनच विकलं जातं. आमचा खर्च ठरलेला असल्यामुळे एरवी गायीचं, आणि ईस्टरला पिंपातलं ग्रीक फेता. फरक अगदी स्पष्ट होता. मेंढीच्या दुधाचं फेता भाजल्यावर मऊ, मलईदार होतं आणि आंबूस चव मागे रेंगाळते. गायीचं रवाळ राहतं आणि पाणीही जास्त सोडतं. म्हणून गायीचं फेता घ्याल तर कुस्करून तासभर चाळणीत निथळत ठेवा.

भाजण्यातही काही गोष्टी टळत नाहीत. ट्रेमधल्या स्पानाकोपितेला ओव्हनमध्ये घालण्यापूर्वीच वरच्या पापुद्र्यांना सुरीने चौकोनी चिरा द्यायच्या. भाजल्यावर कापायला गेलात तर वरचा थर फुटून चुरा होतो. शिवाय वाफेला त्या चिरांतून वाट मिळते. वर हाताने थोडं पाणी शिंपडायचं, म्हणजे कडा वळत नाहीत. १८० अंशांवर, ओव्हनच्या खालच्या कप्प्यात, पाऊण तास. तळ भाजला गेला पाहिजे, वरचा रंग फसवतो. बाहेर काढल्यावर झाकायची नाही आणि निदान वीस मिनिटं कापायचीही नाही.

पण आमच्याकडे सगळ्यांनाच ती कडक कुरकुरीत चालत नसे, आणि त्या नोकरीतली सगळ्यात अवघड गोष्ट हीच होती. पक्षाघातानंतर किंवा स्मृतिभ्रंशात गिळण्याची ताकद कमी झालेल्या माणसाला फिलोचे कोरडे तुकडे घशात अडकू शकतात, श्वासनलिकेत जाऊ शकतात. अन्न किती मऊ आणि पेय किती दाट असावं याची शून्य ते सात अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे आणि गिळण्याच्या तज्ज्ञाने प्रत्येकाच्या नावापुढे आकडा लिहिलेला असे. तो आकडा मोडायचा नाही, कितीही गयावया केली तरी. किरिया अशा माणसांसाठी तेच सारण दूध-पिठाच्या दाट सॉसमध्ये एकत्र करून, मंद भाजून, आकड्यानुसार बारीक करून वाढत. पापुद्रा त्यात नाही, पण शेपू, फेता, पालक सगळं आहे. एक आजोबा, जे फार काही बोलत नसत, पहिल्याच घासाला ‘पिता’ म्हणाले. ताटात पेस्ट्री नव्हती तरी त्यांनी पदार्थ ओळखला. पालकाची दुसरी पिळणी, शेपूची पूर्ण जुडी, निथळलेलं फेता यांत कसर न ठेवण्याचं कारण मला त्या दिवशी नीट समजलं. ज्याच्या ताटात कुरकुरीतपणा उरलेला नाही, त्याला फक्त चवच देता येते.

आता ती नोकरी सोडली आहे आणि मी घरीच करते, बहुतेक वेळा त्रिकोणी. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला मोठा ट्रे नेण्यापेक्षा ते सोयीचं पडतं. फिलोच्या तूप लावलेल्या दोन पापुद्र्यांच्या आठेक सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापायच्या, टोकाला चमचाभर सारण, आणि एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असं दुमडत शेवटापर्यंत जायचं. घट्ट दुमडायचं नाही. सारण फुगतं आणि कोपरे फुटतात. भाजायला वीस-पंचवीस मिनिटं. न भाजलेले त्रिकोण फ्रीझरमध्ये महिनाभर छान राहतात, मात्र भाजताना ते गोठलेलेच थेट ओव्हनमध्ये टाकायचे. आधी बाहेर काढून ठेवले तर वितळलेलं पाणी पापुद्र्यात जातं आणि सगळी मेहनत फुकट.

महाराष्ट्रात करणार असाल तर थंडीत करा. तेव्हा पालक आणि शेपू दोन्ही कोवळे आणि स्वस्त असतात. फिलोची पाकिटं मोठ्या शहरांत मिळतात, नाही मिळाली तर वर सांगितल्याप्रमाणे लाटा. जाड लाटलं गेलं तरी बिघडत नाही, ग्रीक खेड्यांतली पोळी जाडच असते. फेता मिळालं नाही तर दाबून कोरडं केलेलं पनीर लिटरला सत्तर ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी कुस्करा आणि थोडा आंबट चक्का मिसळा. त्याला फेता म्हणू नका, पण सारण चांगलं होतं. पहिल्यांदा त्रिकोणांच्या नादी न लागता ट्रेमध्येच करा. आणि पालक दुसऱ्यांदा पिळा, पहिल्यांदा कितीही कोरडा वाटला तरी.